रविवारी दारात आलेल्या बाई

घुग्घुसच्या आमच्या चर्चमध्ये दाराजवळच्या बाकावर एक बाई बसायच्या. पांढरी साडी, मांडीवर गीतांचं पुस्तक आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर. कोणी रविवार चुकवला, की सोमवारी बाजारात भाजीवाल्यासमोरच त्याला विचारायच्या, "काल दिसला नाई. काऊन?" उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत.

आईला लकवा झाला आणि तिला एकटं सोडून उपासनेला जाणं मला जमेना. बाईंच्या धाकाने मी बाजाराची वाटही बदलली. रविवार पाळण्याची देवाची आज्ञा मोडल्याचं ओझं मनावर होतं ते वेगळंच.

एका रविवारी चर्चची घंटा वाजत असतानाच बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी घाईघाईने सांगू लागलो, "बाई, आईमुळे..."

"मले माहीत आहे. सरक." त्यांनी पदर खोचला, माझ्या हातातली पेजेची वाटी घेतली आणि आईला भरवू लागल्या.

"पण बाई, उपासना सुरू झाली असंल."

"होऊ दे. मायले टाकून तिथी आला असता, तर मी तुले दारातूनच वापस धाडलं असतं." आईच्या हनुवटीवर ओघळलेली पेज त्यांनी पदराने पुसली. "देवानं आज्ञा देल्या त्या जीव लावासाठी, बाबू. भेवासाठी नाई. मलेच हे लय उशिरा समजलं. जाय, आंघोळ कर. मी आहो इथी."

कितीतरी दिवसांनी मी सावकाश डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर बाई आईला दटावत होत्या, "मोठं उघड तोंड, अजून मोठं!" आणि आई हसत होती.