बर्फावरचा कोपरा

दुपारची जेवणं उरकल्यावर हर्षदा सलीलच्या टेबलाशी बसते आणि त्याचा कॉम्प्युटर सुरू करते. सलील तिचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. शाळेच्या लॅबमध्ये दोघं खेळायची तो चौकटीचौकटींचा कोड्याचा खेळ केव्हाच नाहीसा झाला, म्हणून त्याने हौसेने इम्युलेटर लिहिला. नव्या कॉम्प्युटरवर जुना खेळ हुबेहूब चालवणारा. कुठकुठच्या चाहत्यांनी तो उचलून धरला. त्यांच्यातल्या नांदेडच्या इम्रानने आता विचारलंय, पुढचं काम मी हाती घेऊ का? हर्षदाने अजून उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्याचा हात लागला की सलीलचं म्हणून काय उरणार, असं तिला वाटत राहतं.

पडद्यावर बुटका माणूस लाकडी ठोकळा ढकलतोय. तिचे डोळे जड होतात. मान कलते.

पायाखालची फरशी गार लागते. सलीलला ठेवलं होतं त्या मिरजेच्या हॉस्पिटलातला लांब बोळ आहे, पण भिंती शाळेच्या लॅबसारख्या निळ्या. फरशा बर्फाच्या. पाऊल टाकलं की ती घसरत थेट भिंतीपर्यंत जाते. पलीकडे सलील उभा आहे, घरातल्या बनियनवर, डोक्यावरचे केस परत आलेले. मध्ये ठोकळा. ढकलावा तर सलीलच्याच अंगावर जाईल, म्हणून ती ठोकळ्याला कवटाळून आपल्याकडे ओढू लागते.

“ताई, ओढू नकोस. या खेळात ओढता येत नाही.”

“मग मी येऊ कशी?”

“नको येऊस.”

ती विचारते, दुखतं का रे अजून. तो मान हलवतो. हो की नाही ते कळत नाही. मग आईचं विचारतो. आई जेवायला अजून तुझं धरून तीनच पानं घेते, हे हर्षदाच्या तोंडून निघून जातं.

आता घरचं स्वयंपाकघर आहे आणि सलील ओट्याशी पाठमोरा. इम्रानला काय कळवू, असं ती विचारते.

“देऊन टाक. खेळातल्या बर्फावरचा एक कोपरा चुकलाय. माणूस तिथे अडकून पडतो. तेवढा सोडव म्हणावं.”

“ते तुझं आहे, सलील.”

“माझ्याने झालं नाही, ताई.”

ती हात पुढे करते. पायाखाली पुन्हा बर्फ. ती मागे मागे घसरत जाते आणि त्याची पाठ लहान होत जाते.

आई खांद्याला हलवून उठवते. हर्षदा तोंडही न धुता इम्रानला लिहिते: काम हाती घ्या, आणि आधी बर्फावरचा कोपरा बघा.

“गालावर हे काय उमटलंय गं?” आई विचारते.

कीबोर्डवर डोकं टेकून झोप लागली होती. बटणांचे लालसर चौकोन, ओळीने. आई त्यांच्यावरून हळूच बोट फिरवते. हर्षदा तिचा हात तसाच गालावर धरून ठेवते.