मिनोरू-सानची हाक

कापड विणायचा साचा चालू असताना मामा मधेच ताठ उभे राहायचे. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून कमरेत वाकायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "हाइ!"

समोर कोणी नसायचं.

तुम्ही कधी विणखात्यात उभे राहिला असाल, तर तिथे शेजारचीचं ओरडणंही ऐकू येत नाही हे तुम्हाला ठाऊक असेल. मामांना मात्र कुणाची तरी हाक ऐकू यायची. ते ओ द्यायचे आणि पुन्हा तुटलेला धागा जोडायला लागायचे.

ही त्रेसष्ट सालची गोष्ट. आम्हा ज्यूंच्या नव्या देशात, लोदच्या कापडगिरणीत आम्ही मुंबईहून आलेले बरेच जण होतो. सगळे त्यांना मामाच म्हणत; मूळचे अलिबागकडचे, इंग्रजांच्या सैन्यात जाऊन आलेले. कोणी नवीन भेटलं की वाकून आपलं नाव सांगत, आणि थोडं थांबून म्हणत, "आणि मिनोरू-सान."

एका मुलीने घाबरून आपला साचा बदलून घेतला. पोरं मात्र मागून मुद्दाम ओरडायची, "मिनोरू!" मामा वळूनही बघत नसत. हसून म्हणत, "ती हाक नाय ती."

एकदा दुपारच्या सुट्टीत निलगिरीखाली डबा खाताना मी विचारलंच, "मामा, कोण हो हा मिनोरू?"

"सिंगापूर पडलं, आम्ही कैदी झालो," मामा म्हणाले. "जपान्यांनी बोटीत घालून कुठल्या तरी बेटावर नेलं. बाकीचे पहारेकरी काठीनेच बोलायचे. हा एकटा वेगळा. विशीचा पण नव्हता. माझं नाव त्याला जमायचं नाय, तरी शेवटी 'सान' लावायचा, आपल्या 'राव'सारखं. कैद्याला गो! म्हणून मी पण त्याला मिनोरू-सान म्हणायचो. पुढे त्याला ताप भरला. त्याची माणसं त्याला टाकून गेली. मी पाणी पाजत होतो, तर म्हणाला, मला बोलावतील, तेव्हा तू 'हाइ' म्हण. त्यांच्यात ओ देतात ती तशी."

"कोण बोलावणार होतं?"

"ते नाय सांगितलं. गेला."

"आणि तुम्ही अजून ओ देता?"

"शब्द दिला ना गो."

त्या हिवाळ्यात नवे साचे बसवायला जपानहून एक मेकॅनिक आला. मामांनी वाकून दोन्ही नावं सांगितली. तो हसला, मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "स्वतःच्या नावाला सान लावत नाहीत. ते दुसऱ्याला लावायचं."

"दुसऱ्याचंच आहे," मामा म्हणाले, आणि त्याला सगळं सांगितलं.

मेकॅनिकचं हसू गेलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. नवे साचे बसवायचं काम चालू होतं म्हणून बाकीचे बंद होते, सगळं खातं चिडीचूप. तो मामांच्या अगदी जवळ गेला आणि हलकेच म्हणाला, "मिनोरू-चान."

घरची माणसं लहान मुलांना 'चान' लावतात, हे त्याने नंतर सांगितलं.

मामा वाकले नाहीत, 'हाइ' म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडून एकच शब्द आला, "तादाइमा." आवाज कोवळा होता. मामांचा नव्हता. मी तिथे उभी होते, मी ऐकला. तुमचा विश्वास बसावा असा माझा आग्रह नाही.

मेकॅनिक मामांसमोर खोक्यावर बसला. "बाहेरून घरी आलेलं पोर दारात म्हणतं ते," तो म्हणाला. "आलो मी."

मामा आमच्याकडे बघत राहिले. "काय झालं गो? का गप सगळे?" आम्ही तो शब्द सांगितला, तर तो आपल्याला येतच नाही म्हणाले. "बेटावर घर कुठलं? कोण बोलणार तसं?"

त्यानंतर मामांनी कधी ओ दिली नाही. पुढच्या वर्षी मामा-मामी मुलीच्या गावी, नेतिवोतला राहायला निघाले. मी बसस्टँडवर गेले होते. मामा तिकिटं काढत होते, तेव्हा मी मामींना म्हटलं, "सुटलात हो त्यातून."

मामींनी हातातलं बोचकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "लढाईवरनं आले तेव्हापासून मी रात्री दोन पांघरुणं काढायची. हे झोपले की पलीकडे कोणतरी कुडकुडायचं. आता ते पांघरूण सकाळी घडीच्या घडी असतं."

बस आली. मामा आधी चढले. मामी पायरीवर थांबल्या आणि मागे वळून मला म्हणाल्या, "फार थंड आहे म्हणतात गो त्याचा देश. कुणीतरी घातलं असेल ना त्याला पांघरूण?"