बीमअक्का आणि चोरलेली दोन वर्षं

बेंगळुरूच्या राजाजीनगरात स्वतःचं वय वाढवून सांगणारी एकच बाई मी पाहिली, बीमअक्का. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती तेव्हा त्या खुशाल "पासष्ट" म्हणायच्या. समोरची बाई "छे, वाटत नाही हो" म्हणाली की स्वारी दिवसभर खूश. मी एकदा छेडलं, तर म्हणाल्या, "चेहरा पन्नासचा, गुडघे ऐंशीचे. सरासरी काढली मी."

एका शाळेमागच्या हॉलमध्ये त्या मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवत. बीम म्हणजे मुलींच्या छातीएवढ्या उंचीवरची, पंजाभर रुंदीची दांडी. तिच्यावर चालायचं, उड्या मारायच्या, कोलांट्या घ्यायच्या आणि वर हसायचंही. माझी मुलगी तिथे तीन वर्षं जात होती. "अक्का, काही प्रगती?" असं मी विचारलं की त्या गंभीर चेहऱ्याने सांगत, "आहे की. आता पडताना ओरडत नाही." मुलगी पुढे चित्रकलेकडे वळली, पण माझा हॉलमधला बाक काही सुटला नाही. इतकं चांगलं नाटक फुकटात कुठे बघायला मिळतं?

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूचं. त्यांच्या मराठीत कन्नडमधले "स्वल्प" म्हणजे जरा आणि "सरी" म्हणजे बरं, इतके मुरलेले, की माझा पुण्याचा कान आधी दचकला आणि मग लाडावला. "स्वल्प थांब गं, घाई कुणाला आहे?" हे त्यांचं आवडतं वाक्य. घाई अर्थातच बापांना असायची. वयोगटाच्या स्पर्धा जवळ आल्या की बाप लोक मुलीचं वय हळूच खाली उतरवायचे. अक्का म्हणायच्या, "सगळीकडे पोरं वाढतात. माझ्या हॉलमध्ये आकसतात."

त्यांना स्वतःला बाराव्या वर्षी मोठ्या बायकांच्या स्पर्धेत उतरवलं होतं. वय विचारायची तेव्हा पद्धतच नव्हती. सोळाव्या वर्षी गुडघे संपले आणि खेळही. त्यामुळे मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला त्या वर्षात सोळा पूर्ण हवेतच, या आताच्या नियमावर त्यांची फार श्रद्धा. कुणी कुरकुरलं की म्हणत, "नियम पोरींसाठी नाहीच. बापांसाठी आहे."

असा एक बाप म्हणजे मॅनेजर. कोरमंगलात कसल्याशा कंपनीत होता, आणि आपली एकुलती रेवासुद्धा तो एखाद्या प्रोजेक्टसारखी चालवायचा. रेवा मात्र खरंच गुणी होती. बीमवर उभी राहिली की आम्ही बाकावरच्या आया गप्प व्हायचो, आणि आम्हाला गप्प करणं सोपं नाही. त्या वर्षी मोठ्यांच्या निवडचाचणीत तिला भरघोस गुण मिळाले. पण कागदावर ती होती चौदा वर्षांची. यादीतून नाव गळलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर पेढ्यांचा पुडा घेऊन हॉलवर हजर.

"मॅम, गुड न्यूज. ॲक्च्युअली ती सोळाचीच आहे."

"कधीपासून?" अक्का म्हणाल्या.

"जन्मापासून."

मी पेढा तोंडात घातला होता, तो तसाच राहिला. शाळेत घालताना आजोबांनी दोन वर्षं कमी लावली होती, पुढे कामाला येतात म्हणून. आणि आली होती की कामाला. बारा वर्षांखालच्या राज्यस्पर्धेत रेवाने सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा तिला तेरा पूर्ण झाली होती. आता ओळखीच्या माणसाकडून कागद गुपचूप सरळ करून घेऊ, असा मॅनेजरचा बेत होता.

अक्का त्याच्याकडे बघतही नव्हत्या. "रेवा, तुला काय हवंय?"

"मला जायचंय, अक्का. पण सोळाची म्हणून. घरी केकवर सोळा मेणबत्त्या आणि बाहेर चौदा सांगायचं, कंटाळा आलाय मला."

"सरी," अक्का म्हणाल्या. "मग कागद सरळ करा, पण गुपचूप नाही. आणि आधी पदक परत."

"मॅम, पदकाचा काय संबंध?"

"सोळाची म्हणालात ना? मग मागची वर्षंपण मोजा. सोयीपुरती मोठी करता येत नाही पोरगी."

पदक राज्य संघटनेच्या कार्यालयात पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण अक्कांनी बापलेकीला रिक्षात घातलं आणि थेट बनशंकरीला नेलं. त्या स्पर्धेत दुसरी आलेली चैत्रा तिथे राहायची. कार्यालयाला कळवू सावकाश, आधी हिच्या हातात पडू दे, असं त्यांचं म्हणणं. मीही चौथी सीट नसताना त्या रिक्षात घुसले. चैत्राने खेळ केव्हाच सोडला होता. तिच्या आईने कॉफी दिली. मॅनेजरने आयुष्यात पहिल्यांदाच इंग्रजीशिवाय माफी मागितली, म्हणून ती फार लांबली. चैत्राने पदक उलटंसुलटं करून पाहिलं आणि कन्नडमध्ये एवढंच म्हणाली, "अंकल, मला वाटायचं मीच कमी पडले."

कॉफी कुणीच संपवली नाही.

मग कार्यालयाला कळवलं, आणि खरं सांगितल्याचं बक्षीस म्हणून रेवावर दोन वर्षांची बंदी आली. मॅनेजर भडकला. "तोंड बंद ठेवलं असतं तरी दोनच वर्षं गेली असती."

"हो," अक्का म्हणाल्या. "पण मग अठराव्या वर्षी ती सोळाची म्हणून गेली असती. आता अठराची म्हणून जाईल."

ती दोन वर्षं रेवाने सराव केला आणि छोट्यांना शिकवलं. मॅनेजर रोज न्यायला यायचा, पण अक्कांशी बोलायचा नाही. अक्का त्याला रोज खुर्ची मात्र द्यायच्या.

अक्कांना जाऊन आता वर्ष होत आलंय. बापांना गप्प करणारं माणूस राजाजीनगरात उरलेलं नाही, आणि मला अक्का सगळ्यांत जास्त आठवतात त्या रेवाच्या पहिल्या परदेशी स्पर्धेच्या दुपारच्या. आम्ही सगळे हॉलमध्ये मोबाईलभोवती गोळा झालो होतो. रेवा बीमवर चढली, छान चालली, आणि तिसऱ्या उडीला पडली. पुन्हा चढली, उरलेलं सगळं नीट केलं आणि हसत उतरली. नंबर शोधायला यादी बरीच खाली सरकवावी लागली. मॅनेजरने कपाळावर हात मारला.

थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"अक्का, पडले."

"बघितलं. घाबरलीस?"

"वेळच नाही मिळाला. आमच्या संघातली एक सोळाची पोरगी आत रडत होती. बीमवर जाणार नाही म्हणत होती. तिला पाणी दे, केस बांध, समजूत घाल, तोवर माझं नाव पुकारलं."

"मग गेली का ती?"

"गेली. आत्ता माझ्या मांडीवर झोपलीय."

फोन अक्कांनी मॅनेजरपुढे धरला. "घ्या. तुमची मुलगी मोठी झाली, बोला तिच्याशी."

मॅनेजरने फोन घेतला. आम्ही आया गुणांची चर्चा ऐकायला कान टवकारून बसलो.

तो म्हणाला, "जेवलीस का गं? आणि ती दुसरी, ती जेवली का?"