फक्त समोरचाच आवाज

"हा घ्या साहेब. समोरचा तेवढा आवाज घेतो, आजूबाजूचं सगळं गाळतो," दुकानदार म्हणाला. तासाभरातला हा सातवा माइक, आणि प्रत्येकाचं कौतुक एकच: काय काय ऐकू येणार नाही! मी वैतागलो. माणसाचं गाणं त्याच्या कामातून असं निवडून काढता येतं, हे कुणी ठरवलं?

मीच ठरवलं होतं. गेल्या वर्षी गावी आत्याची गाणी रेकॉर्ड करायला गेलो. ती धान्य पाखडताना गाते. सुपाची सळसळ मध्ये येते म्हणून मी सूप तिच्या हातातून काढून घेतलं. ती दुसऱ्या ओळीलाच अडली. शेजारी बसलेल्या तिच्या सुना हसल्या.

"अरं, हात चालल्याबिगर तोंड कसं चालंल?" ती पुटपुटली.

मी मात्र सगळ्यांना सांगत सुटलो, "आत्याला आता काही आठवत नाही." तेव्हापासून ती पाखडतानाही गात नाही.

"सगळंच ऐकू येईल असा द्या," मी दुकानदाराला म्हणालो.

"त्यात कोंबड्यासुद्धा येतील हो!"

"येऊ देत."

माइक घेतला. पण गावी तो पिशवीतून काढण्याआधी सुनांसमोर सांगावं लागेल, की आत्या विसरली नव्हती. एवढं एक वाक्य वर्षभर माझ्या तोंडून निघालेलं नाही.