काढूमिस्त्री आणि हेडामागच्या दोन नळ्या

काढूमिस्त्री हे नाव गल्लीनं ठेवलेलं. आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं भारदस्त नाव होतं म्हणे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर येतं. कोणी गाडी घेऊन गॅरेजात शिरलं, बॉनेट उघडलं, की मिस्त्री कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे असे बघत राहतात, जणू पाहुण्यांनी भरलेल्या घरातून आधी कोणाला वाटेला लावावं याचा विचार चाललाय. मग पान्याचं टोक एखाद्या बिचाऱ्या नळीवर टेकतं.

"हे कशाला हवंय? काढून टाकू."

आणि काढतात. त्यांचं म्हणणं असं, की कंपनीतल्या साहेबांना बसल्या बसल्या उद्योग नसतो, म्हणून ते इंजिनाला नळ्या लावत सुटतात. जी नळी गाडीत नाहीच, ती गळणार कशी? या प्रश्नाला आजवर कोणाला उत्तर सुचलेलं नव्हतं.

घरातही हाच खाक्या. दाराची बेल बिघडली, काढून टाकली. आता लोक खालून हाका मारतात. पंख्याचा रेग्युलेटर काढून टाकला, त्यामुळे घरात एक तर उकाडा असतो नाहीतर वादळ. "मी अजून कुठे गळले नाही," मिस्त्रींच्या बायको, गल्लीच्या काकू, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "म्हणून टिकून आहे हो या घरात."

मिस्त्रींचं सगळ्यात लाडकं काढकाम म्हणजे हेडामागच्या नळ्या. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड. इंजिन गार ठेवणारं पाणी त्यातून फिरत असतं. त्याच्या पार मागच्या कोपऱ्यातून करंगळीएवढ्या दोन नळ्या निघतात आणि वळसे घेत पुढे रेडिएटरला मिळतात. पाण्यात वाफ धरली, हवा अडकली, की तिनं या वाटेनं निघून जायचं. पण नळ्या बसवल्यात अशा जागी, की तिथे बोटसुद्धा अंग चोरून जातं. गळायला लागल्या, की नव्या घालायला इंजिन खाली उतरवा. त्यापेक्षा जुन्या कापून काढायच्या, लांब पान्यानं भोकांत बुचं आवळायची, की चहा निवायच्या आत गाडी रस्त्यावर. गल्लीतल्या निम्म्या गाड्यांना अशी बुचं होती, आणि सपाट रस्त्यावर कोणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते दूधवाल्याचं. त्याच्या व्हॅनमधल्या मागच्या सीटा मिस्त्रींनीच काढून दिल्या होत्या; तेवढं एक काढणं मात्र सगळ्यांना पटलं होतं. तिथे आता दुधाचे कॅन बसत. पुढे त्याची डेअरी डोंगरापलीकडे हलली आणि भरल्या कॅनांनिशी रोज चढ चढणं आलं. एके दिवशी व्हॅन दोरी बांधून परत आली. तापून हेड वाकलं होतं.

तेव्हा चहाच्या टपरीवर सगळे होतेच. मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, टेम्परेचरच्या काट्याकडे बघायचं असतं चालवताना. दूध उतू जाताना कळतं तुला, इंजिन उतू जाताना नाही कळत?"

"मिस्त्री, आईशप्पथ, काटा मध्यावरच होता."

"मध्यावर होता? मग हेड काय लाजून वाकलं?"

टपरी खदखदून हसली. दूधवाला नाही हसला. तेव्हापासून गल्लीतलं कोणीही त्याला बघितलं की विचारायचं, "काय, काटा कुठे आहे?"

मिस्त्रींनी हेड खोललं आणि त्यांचं हसू तिथेच संपलं. पुढचा भाग स्वच्छ होता. जळलेला होता तो फक्त मागचा कोपरा, बुचांच्या बरोबर शेजारचा. वाफेला वाट नव्हती, ती तिथेच साठून राहिली, आणि वाफ बसली तिथे पाणी पोचलं नाही. काट्याला माप देणारा सेन्सर असतो पुढे. मागे आग लागली तरी त्याला पत्ता नाही. म्हणजे काटा मध्यावरच होता.

मिस्त्रींनी हेड सरळ करून आणलं, नवं गॅस्केट घातलं, आणि बुचं पुन्हा होती तशी आवळली. नळ्या घातल्या असत्या तर का घातल्या ते सांगावं लागलं असतं.

यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची धाकटी बहीण आली. ती आपल्या व्हॅननं पेशंटांना डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात डायलिसिसला नेते-आणते. दोघा-तिघांना धरून चढवायचं, उतरवायचं, कोणाची उशी, कोणाची काठी, आणि वर सगळ्यांच्या तक्रारी ऐकायच्या.

"दादा, पाणी गळतंय मागून. वास पण येतोय गोडसर," ती गाडीतून उतरता उतरता म्हणाली. "त्या नळ्याच असणार. मारून टाक बुचं. उद्या सकाळी माझे पेशंट आहेत."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला. नळ्याच होत्या. त्यांनी पाना उचलला, मग ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला.

"बघतो," ते म्हणाले.

"बघतो काय? सगळ्यांच्या काढतोस ना डोळे मिटून?"

दुपारी ताटावर बसले तरी घास तोंडात फिरत होता. काकूंनी ते बघितलं.

"वन्संची गाडी फार बिघडलीय का हो?"

"नाही."

"मग भाजीनं काय घोडं मारलंय?"

मिस्त्रींनी ताट बाजूला सारलं. "बुचं मारली तर ती चढावर अडकेल. आत पेशंट. दूधवाल्याचं झालं तेच. आणि नळ्या घातल्या, तर उद्या दूधवाला विचारेल."

"विचारेलच. त्याला तोंड आहे."

"काय सांगू त्याला?"

काकूंनी भाजीचं पातेलं झाकलं. "मला काय माहीत? तुमची जीभ टपरीवर तर चांगली चालते."

मिस्त्री उठले, स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन नळ्या घेऊन आले. दुकानदार म्हणाला, ही जोडी बरीच वर्षं पडून होती, या भागात कोणी मागतच नाही; आणखी हवी तर मागवावी लागेल. मिस्त्रींनी आहे ती उचलली. परत येऊन त्यांनी साखळी लावली आणि इंजिन उतरवायला घेतलं.

बहीण भडकली. "दादा, हे काय? दोन दिवस जातील यात! त्या आजोबांना हॉस्पिटल चुकवून चालत नाही, कळतंय का तुला? अख्ख्या गावाची कामं चुटकीसरशी, आणि सख्ख्या बहिणीच्या वेळेला तुझं शास्त्र जागं झालं?"

"दुसरी गाडी बघ त्यांच्यासाठी. हिला मी नळ्याच घालणार."

ती तणतणत फोन लावत बसली. एकेकाची माफी मागत होती, आणि प्रत्येक फोननंतर भावाकडे असं बघत होती, जणू लहानपणी याला विहिरीत का ढकललं नाही असं वाटतंय.

इंजिन साखळीला लटकलेलं असतानाच दूधवाला आला. ऑइल घ्यायला आला होता. त्यानं लटकलेलं इंजिन बघितलं, बाकावरच्या कोऱ्या नळ्या बघितल्या. एक उचलून हातात फिरवली.

"हे कुठलं, मिस्त्री?"

"ते… हेडाचं."

"मागचं? माझ्यात बुचं आहेत तिथलं?"

"तुझं मॉडेल वेगळं," मिस्त्री लटकलेल्या इंजिनाकडे बघत म्हणाले.

बहीण फोनवरून मान वर काढून म्हणाली, "काहीतरीच काय, दादा! एकच मॉडेल. तूच नाही का आम्हा दोघांना एका दिवशी शोरूममध्ये घेऊन गेलास?"

साखळी हळूच कुरकुरली. दूधवाल्यानं नळी होती तिथे नीट ठेवली.

"बहिणीला नळ्या आणि मला बूच."

मिस्त्रींनी हात पुसायला फडकं घेतलं. हात पुसून झाले तरी पुसतच राहिले. "तुझा काटा मध्यावरच होता," ते शेवटी म्हणाले. "मागचा कोपरा जळला होता. बुचांमुळे. हेड खोललं तेव्हा बघितलं मी."

"खोललं तेव्हाच?"

"हो."

"आणि परत बुचं मारलीत."

मिस्त्रींनी मान डोलावली. बहिणीनं फोन खाली ठेवला.

दूधवाला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मला चार माणसांत हसलात. आता इथे कोपऱ्यात सांगून काय उपयोग? टपरीवर चला."

"अरे, काम अर्धवट…"

"चला."

मिस्त्री गेले. तसेच, काळ्या हातांनी. टपरीवर नेहमीची मंडळी होती: रिक्षावाला, कुरिअरवाला, लाँड्रीवाला. त्यांना बघून रिक्षावाल्यानं सवयीनं दूधवाल्याला विचारलं, "काय, काटा कुठे आहे?"

"काट्याचं खरं होतं त्याचं," मिस्त्री म्हणाले. "चूक माझी होती. त्या नळ्या काढायच्या नव्हत्या."

कोणीतरी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कुरिअरवाल्यानं पेला खाली ठेवला.

"माझ्यात पण बुचंच आहेत ना?"

"आहेत."

"माझ्यात?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"रिक्षाला हेडात पाणीच नसतं रे."

"मग ठीक," रिक्षावाला म्हणाला, आणि एवढ्यावरच तो त्या दिवशीचा एकमेव सुखी माणूस ठरला.

लाँड्रीवाला उठून आपल्या गाडीजवळ गेला, बॉनेट उघडून आत बघत उभा राहिला. काय बघायचं ते त्याला माहीत नव्हतं, पण बराच वेळ बघत होता.

"सगळ्यांना घालून देतो," मिस्त्री म्हणाले. "मागवाव्या लागतील, वेळ लागेल. तोवर चढावर जाऊ नका."

"हे म्हणतात जाऊ नका," दूधवाला बाकीच्यांना म्हणाला. मग मिस्त्रींकडे वळला. "माझी डेअरी तिकडे आहे. दूध काय चालत येणार?"

मिस्त्रींनी गॅरेजकडे बघितलं. बहिणीची गाडी साखळीला होती, तिची जोडी तिच्यातच जायची होती. पेशंट आधीच खोळंबले होते.

"अर्ध्या चढावर थांबवायची," ते म्हणाले. "गार होऊ द्यायची. मग पुढे."

"किती गरम झाली ते मला कसं कळणार? काटा तर खोटं बोलतो म्हणता."

"हेडाला हात लावून बघावं लागतं. सवय लागते त्याला."

"मग तुम्ही या. रोज. नळ्या येईपर्यंत."

सगळी टपरी मिस्त्रींकडे बघत होती. इतकी वर्षं त्यांनी गल्लीला एकच वाक्य ऐकवलं होतं, पण आज काढून टाकण्यासारखं समोर काहीच नव्हतं.

"येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे काढूमिस्त्री दूधवाल्याच्या शेजारी पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसले. काकूंनी खिडकीतून बघितलं, पण थट्टा केली नाही. चढ सुरू झाला. ते म्हणाले तिथे दूधवाल्यानं गाडी थांबवली, त्यांनी उतरून बॉनेट उघडलं, हात लावला, चटका बसला, हात मागे घेतला. दूधवाल्यानं ते बघितलं. "लागलं का?" असं काही तो विचारणार नव्हता. इंजिन गार होईपर्यंत दोघं रस्त्याच्या दोन कडांना उभे राहिले. खालून एखादी गाडी सहज चढून यायची, त्यांना ओलांडून पुढे जायची, आणि प्रत्येक वेळी मिस्त्री तिच्याकडे निरखून बघायचे, की आपल्या गॅरेजातली तर नाही.