जित्या नवऱ्याची विधवा

अंजनाचा नवरा मेला तो आमच्या वाडीत, लालासाहेबाच्या डोक्यात. खरा तो मिरजेत होता. कृष्णात त्याचं नाव. धडधाकट होता, एका बाईला घेऊन भाड्याच्या खोलीत नांदत होता, आणि आपण मेलोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

कुंडलच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडेला आमची वाडी. अंजना आमच्या शेजारच्या घरातली. नवऱ्यानं टाकली म्हणून भावाच्या, हिंदुरावाच्या दारात येऊन राहिलेली. राहिलेली म्हणजे राबत असलेली. शेणघाण तिची, वैरण तिची, धुणं तिचं, आणि जेवायला बसली की भावजयीची नजर तिच्या ताटातल्या भाकरीवर. तरी ही बाई मुळूमुळू रडणाऱ्यातली नव्हती. सातवी फायनल झालेली, अंगानं दणकट, बोलणं कुऱ्हाडीनं ढलपी काढावी तसं.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात सांगलीकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बायकांना दाईचं काम शिकवायच्या जागा निघाल्या. शिकताना राहायला खोली, दोन वेळचं जेवण, पुढं पगार. अंजनानं अर्ज घातला, मुलाखतीला बोलावणं आलं. जागा मिळाली तर भावाची चूल सुटणार होती. तिला दुसरं काही नको होतं.

आडवी आली ती एक सही. लग्नाच्या बाईनं नवऱ्याची संमती आणायची असा तिथला नियम. विधवेला ती लागत नव्हती. हिंदुराव मिरजेला जाऊन कृष्णाताला भेटला, तर तो पान चघळत म्हणाला, "करतो की सही. पगार माझ्या हातात यील असं लिवून द्या." हिंदुराव तणतणत परत आला. त्याचा राग खरा होता, कारण त्या पगारावर त्यानं स्वतःच डोळा ठेवला होता.

मग त्यानं लालासाहेबाला बोलावलं. हा गडी पुण्याला मिलिटरीच्या डेपोत एका साहेबाचा अर्दली होता. साहेब आत मुलाखती घ्यायचा, हा दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकायचा. तेवढ्या भांडवलावर तो वाडीत शहाणा झाला होता. पायजम्यावर मिलिटरीचा जुना पट्टा बांधून तो आला, सोप्यात पोत्यावर बसला आणि तंबाखू मळत म्हणाला, "मुलाकतीत बाकी काय बगत न्हाईत. कानफिडन्स बगत्यात. कानफिडन्स म्हंजे काय हिंदुराव?"

"तुमीच सांगा."

"डोळ्यात डोळा घालून खोटं बोलायचं आन पापनी हलवायची न्हाई. आमचा सायेब तेवढ्यावर मोठा झाला. आपुन दाजी मेलं म्हनायचं."

अंजना जोंधळे पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "आवं तात्या, मेलं म्हंजे? कवा?"

"तुज्या सोयीनं गं."

सगळा सोपा हसला. अंजना नाही हसली. म्हणाली, "माजं मला जाऊ द्या. सही न्हाई म्हनून सरळ सांगती."

"आन हाकलून दिली तर?" हिंदुराव उसळला. "जल्मभर माज्या उरावर बसनार व्हय?"

तिनं सूप परत हलवायला घेतलं. त्याच उरावरून उतरायला तर तिला जायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. हिंदुरावानं धोतराचा सोगा पाण्यात बुडवून बहिणीपुढं धरला. तिनं तो ढकलला आणि पदरानंच कुंकू पुसलं. बांगड्या भावजयीनं उतरवून घेतल्या आणि तिथंच आपल्या हातात चढवून बघितल्या. लालासाहेब साहेब झाला.

"नाव? गाव? नवरा काय करतो?"

"वारलं."

"हॅत्! हाटेलात चा मागितल्यावानी सांगतीस. हुंदका दे. वा... रलं! आन पदर डोळ्याला."

"कशानं वारलं म्हनायचं?" हिंदुरावानं विचारलं.

"साप चावला म्हन की," उंबऱ्यावरनं कुणीतरी बोललं.

"साप नगं. डाग्दर इचारील कंचा साप, कुटं चावला. पटकी म्हन. पटकीत मेल्याला कोन बगाया जातंय?"

झालं. तिन्हीसांजेला गडी शेतातनं आले की तमाशाला जमावं तसे हिंदुरावाच्या सोप्यात जमायचे. बिड्या ओढत एकेकजण तिला विधवा व्हायला शिकवायचा. मान खाली घाल. एवढी नगं, चोर वाटतीस. जिता आसताना लय जीव लावायचं म्हन. ज्यांनी आपल्या बायकांना धड बोलू दिलं नाही, ते हिला बोलायला शिकवत होते. मी एकदा जाऊन बसलो. ओढ्यात कुत्रं मरून फुगल्यावर जसा वास येतो तसं काहीतरी माझ्या नाकात शिरलं, ते घरी येऊन चूळ भरली तरी गेलं नाही.

लालासाहेबानं वर आणखी काढलं, मुलाखतीपर्यंत अंजनानं उघड्या कपाळानंच हिंडायचं. "सव लागाय पायजे. न्हाईतर ऐन टायमाला गांगरती."

ती तशीच विहिरीवर गेली. म्हातारी जाईबाई तिथं पाणी शेंदत होती. अंजनाचं कपाळ बघून तिच्या हातातला दोर सुटला आणि तिनं जो गळा काढला तो वरच्या आळीपर्यंत ऐकू गेला. अंजना "आवं न्हाई, न्हाई" म्हणेपर्यंत चार बायका गळ्यात पडल्या. ज्या घरात कुणी जातं त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, शेजारी भाकरी आणून देतात, ही आमच्याकडची रीत. दिवस कलायच्या आत हिंदुरावाच्या दारात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि पिठलं येऊन पडलं.

हिंदुरावानं काय करावं? कुणाला खरं सांगितलं नाही. तोंड पाडून भाकऱ्या घेतल्या आणि बायकोला म्हणाला, "चला, आज चूल न्हाई पेटवायची." जित्या मेव्हण्याच्या नावाची दुखवट्याची भाकरी त्यानं कांदा फोडून खाल्ली. अंजना तेवढी उपाशी राहिली.

बातमीला पाय लागत नाहीत. दोन दिवसांनी, तालीम रंगात आली असताना, कृष्णाताची आई हरणाबाई ताकारीकडनं चालत आली. ही म्हातारी कजाग. सुनेला तिनं नांदवलं ते चटके देऊन. पण त्या दिवशी ती आली ती अनवाणी, पायाची सालटं गेलेली, पदर मातीतनं ओढत. दारातच कोसळली. "माज्या सोन्याऽ, मला न्हाई रं दावलं तुजं तोंड..." असं म्हणत तिनं उंबऱ्यावर डोकं आपटायला सुरुवात केली.

सोप्यातल्या गड्यांनी बिड्या विझवल्या. लालासाहेब तेवढा पोत्यावरनं उठला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "बग अंजने! बग! आसं रडाय पायजे. हे शिक."

मी माणसं बघितली, माणसांचे मुडदे बघितले, पण त्या शब्दाइतकं सडलेलं मी काही ऐकलेलं नाही.

अंजना उठली. सासूच्या दंडाला धरून तिला सरळ बसवलं. "आत्ती, उठा. जिता हाय त्यो. काय झालं न्हाई त्येला."

"जिता? मग तुजं कपाळ?"

अंजनानं सांगितलं. नोकरी, सही, मुलाखत, सगळं. म्हातारी ऐकता ऐकता एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली. हिंदुराव लाचार हसत पुढं झाला. "मावशी, गप ऱ्हावा म्हंजे झालं. कुनी इचारलं तर तुमीबी मेला म्हना. नोकरी लागली की लुगडं घीन तुमाला."

हरणाबाई त्याच्या अंगणात थुंकली. अंजनानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तोही तिनं हातानं उडवला. मग लंगडत आली तशी लंगडत गेली.

मुलाखतीला हिंदुराव बहिणीबरोबर गेला. यष्टीत सबंध वाटभर तो तिच्या कानाशी "पटकी, पटकी" म्हणत होता. दवाखान्यात शिपायानं त्याला बाहेर बसवलं. आतलं मला पुढं अंजनानंच सांगितलं. टेबलामागं एक डॉक्टरीणबाई होत्या आणि ट्रस्टचा एक काळी टोपीवाला. बाईंनी नाव-गाव विचारलं, शिक्षण विचारलं. मग म्हणाल्या, "मिस्टर कशानं गेले?"

पटकी हा शब्द तिच्या जिभेवर होता. पण तोंड उघडलं आणि डोळ्यापुढं म्हातारीचं उंबऱ्यावर आपटणारं डोकं आलं.

"मेल्यालं न्हाईत," ती म्हणाली. "मिरजंत हायत. दुसरीसंगं."

"मग हे कपाळ?" टोपीवाल्यानं विचारलं.

"पुसलं. सही देत न्हाईत म्हनून."

"बघितलंत बाई? येतानाच खोटं घेऊन आली. जा, जा तू."

अंजना उठली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांब. शिकायची जागा तुला मिळायची नाही. बाळंतिणीच्या खोलीत आया हवी आहे. रक्त, मूल झाल्यावर पडणारी वार, मळलेली लुगडी, सगळं उचलावं लागतं. किळस येऊन बायका पळून जातात. मागं राहायला खोली आहे."

"त्येला नवऱ्याची सही?"

टोपीवालाच हसला. "त्याला कशाला सही? ते काम कोण कुणाचं अडवतंय!"

"मग ऱ्हाती मी," अंजना म्हणाली. "आजपासनं."

बाहेर हिंदुरावाला कळलं तेव्हा त्याला आपण मराठे असल्याची आठवण झाली. "मराठ्याची लेक लोकांची वार फेकनार? भावकीत तोंड कसं दावू मी? चल घरी!"

"मला रांडमुंड करून आनताना भावकी कुटं गेल्ती रं दादा?" ती म्हणाली, आणि आत गेली. तिचं जुनेराचं गठुडं मात्र त्याच्याच काखेत राहिलं. ते त्यानं परत आणून बायकोला दिलं.

भावकी महिनाभर टिकली. पगाराची तारीख आली तसा हिंदुराव धुतलेला पटका बांधून सांगलीला गेला. शिपायाला रुबाबात म्हणाला, "अंजनाला बलवा, भाऊ आलाय म्हनावं." अंजना मागच्या दारानं आली, कासोटा खोचलेला, हातात झाकलेली बादली. ती तिनं खाली ठेवली नाही. हिंदुरावानं पटक्याचा शेमला ओढून नाकाला लावला.

"आगं, पगार..." तो शेमल्याआडूनच बोलला.

"सर बाजूला दादा," ती म्हणाली. "सांडंल तुज्या अंगावर."

तो सरला. ती वार पुरायच्या खड्ड्याकडं चालती झाली.