दाजींचे घंगाळ

संकट कोणतेही असो, दोन पावले मागे सरून पाहिले की ते आपोआप लहान होते. हे वाक्य मी कॉलेजात असताना वहीत उतरवून त्याखाली लाल शाईची रेघ मारली होती. ते वापरण्याची पहिली वेळ आली धाकट्या बहिणीच्या लग्नात, आणि तीही अंघोळीच्या पाण्यावरून.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. आमचे गाव घोडेगावच्या अलीकडे. विहीर कोरडी पडलेली, लग्नापुरता एक टँकर मिळालेला. घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून पाणी वाटण्याचे काम माझ्याकडे आले. मी न्यायाने वागायचे ठरवले. पाहुणा कोणीही असो, अंघोळीला मोजून सहा तांबे. पण थोरले जावई, म्हणजे आमचे दाजी, यांचा मान मोठा. म्हणून त्यांच्यासाठी माळ्यावरचे तांब्याचे मोठे घंगाळ काढून चिंचेने लख्ख घासले. मामांना पत्र्याची लहान बादली दिली.

सहा तांब्यांनी मामांची बादली काठोकाठ भरली. घंगाळाचा तळ जेमतेम झाकला. दोन्ही भांडी न्हाणीपाशी शेजारी शेजारी मांडण्याची बुद्धीही माझीच.

दाजींनी एकदा बादलीकडे पाहिले, एकदा घंगाळाकडे. मग कोरड्या अंगावरच सदरा चढवला, फेटा बांधला आणि दुपारच्या एस.टी.ने घरी जातो असे सांगून चालू लागले.

नवरा मांडवातून उठून गेला की बायकोनेही मागोमाग जायचे, अशी आमच्याकडची रीत. थोरली बहीण आठ दिवस आधीच कामाला आली होती. हळदीच्या हातांनी ती दारात उभी राहिली.

"हे गेले तर मला थांबता यायचं न्हाई," ती म्हणाली. "बारकीच्या डोक्यावर अक्षता टाकू का पिशवी भरू, तेवढं इचारून ये."

फाट्यावरच्या लिंबाखाली दाजी बसले होते. मी शेजारी बसलो आणि वहीतले सगळे तोंडी म्हणून दाखवले. सगळीकडे माणसे खडी फोडतायत, जनावरे छावणीत आहेत, त्यापुढे घंगाळ भरले काय आणि न भरले काय, असे बरेच.

"मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नव्हतो. पण कोणी फार बोलू लागला की ते त्याला मास्तर म्हणत. "मीबी तीन महिनं खडीच फोडतोय. बैलं छावनीत हायेत. घरी हंडाभर पानी येतं, ते पोरं पितात. म्हनलं, सासुरवाडीला चाललोय, एक डाव तरी अंगावरनं पानी घिऊ."

मला दोन पावले मागे सरायला जागा राहिली नाही. पाठीमागे लिंबाचे खोड होते.

मग तत्त्वज्ञान सोडून मी तांब्यांचा हिशेब सांगितला. मामांनाही सहाच का, असे त्यांनी दोनदा विचारले. सहाच, मी म्हणालो. मान म्हणून तुम्हाला मोठे भांडे दिले.

मग त्यांनी फेट्याचा शेव तोंडावर धरला. खांदे हलत होते.

"तुला कालेजात शिकीवलं तरी काय रं?" ते म्हणाले. "जावयाला ल्हान बादली द्यायची, अन् वरपत्तोर भरायची."

गावातून ताशा ऐकू आला, तसे ते उठले. "चल. तिला म्हनावं, पिशवी भरू नगं."

माझ्या वाटणीचे सहा तांबे मी त्या पत्र्याच्या बादलीत ओतले आणि दाजींनी त्यात अंघोळ केली. मी तसाच राहिलो. फोटोत ते कळत नाही. ताईने सगळ्यांत पुढे उभे राहून अक्षता टाकल्या.

दाजी माझ्या शब्दाखातर परतले, असा घरात बोभाटा झाला. पुढे कोणत्याही लग्नात कोणी रुसले की मला बोलावणे येई, आणि मीही गंभीर चेहरा करून जात असे.

त्या संध्याकाळी टँकरचा ड्रायव्हर जेवायला आला होता. दुपारची एस.टी. चार दिवसांपासून बंद आहे, असे त्याने सहज सांगितले. दाजींना ते ठाऊक होते. आदल्या दिवशी त्यानेच त्यांना टँकरमधून आणून त्याच लिंबाखाली उतरवले होते.